‘आता त्याला सवय झाली आहे’

गेल्या अंकात दवाखान्यात आलेल्या एका कुत्र्याविषयी मी चार ओळी लिहिल्या होत्या. दोन्ही कोपरांवर पाणी भरलेल्या गाठी, नखं वाढून वळलेली, आणि मालक मनापासून सांगत होते, "बाहेर त्याचं स्वतंत्र घर आहे डॉक्टर, राजासारखा राहतो." ते खोटं बोलत नव्हते. घर खरंच होतं, पक्कं होतं, रोज झाडलं जात होतं. त्या चार ओळींवर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर अंगणात, खोपटात, पिंजऱ्यात राहणाऱ्या कुत्र्यांसाठीच ठेवलं आहे. पत्रं लांब होती, त्यांचा गाभा तेवढा दिला आहे आणि नावं काढली आहेत.

डॉक्टरताई, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजाऱ्यांच्या मागच्या अंगणातला पिंजरा दिसतो. आत एक मोठा काळा कुत्रा आहे. दोन वेळा जेवण मिळतं, पाणी असतं, कोणी मारत नाही. पहिले तीन-चार महिने तो दिवसभर भुंकायचा, रात्री रडायचा. आता एकदम शांत झाला आहे. शेजारी म्हणतात, "आता त्याला सवय झाली आहे." माझं मन मात्र मानत नाही. मी उगाच काळजी करते आहे का?

उगाच नाही. तुम्ही जे पाहिलंत ते बरोबर पाहिलंत, आणि तुमच्या मनाला जे खटकलं ते खटकायलाच हवं होतं.

‘सवय झाली’ हे वाक्य मी तीस वर्षं ऐकते आहे. ते ऐकलं की मी एकच विचारते, कशाची सवय? भुंकणं ही हाक असते. पिलू आईपासून दुरावलं की हाक मारतं, आई येते. तुमच्या शेजारच्या काळ्याने तीन-चार महिने हाका मारल्या आणि कोणी आलं नाही. जेवण आलं, पण ते त्याने हाक मारली म्हणून आलं नाही, ठरलेल्या वेळी आलं. हाकेने काहीच घडत नाही हे एकदा पक्कं झालं की कुत्रा हाक मारणं सोडतो.

१९६७ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर केलेले काही प्रयोग प्रसिद्ध झाले. ज्या कुत्र्यांना विजेचे झटके बसत होते आणि काहीही केलं तरी ते थांबवता येत नव्हते, ते कुत्रे पुढे सुटकेचा सोपा मार्ग समोर असतानाही बसून राहिले. ते वर्णन मला आजही शांतपणे वाचता येत नाही. पण त्यांचं म्हणणं तेवढ्यावर संपलं नाही. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या अभ्यासाच्या आधारे आपलाच निष्कर्ष उलटा करून मांडला. प्राणी हतबलता शिकत नाही, दीर्घ त्रासात गप्प बसून राहणं हा शरीराचा मूळ प्रतिसाद आहे. शिकावी लागते ती दुसरी गोष्ट, ‘मी काही केलं की त्याने फरक पडतो.’ काळ्याला नेमकं हेच शिकायला मिळालेलं नाही. म्हणून मला त्याची आशाही वाटते. शिकायचं राहिलं आहे ते अजून शिकता येतं.

खिडकीतून एवढं पाहा. शेजाऱ्यांचं दार वाजलं की त्याचे कान वळतात का? माणूस जवळ आला की तो उठून जाळीशी येतो, की नुसते डोळे फिरवतो? झोपतो कसा? निर्धास्त कुत्रा कुशीवर पाय पसरून झोपतो, उठल्यावर आळस देतो, अंग झाडतो, हवेत नाक वर करून वास घेतो. खचलेला कुत्रा पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात भिंतीला लागून पडतो आणि डोळे उघडे असतात. पुढच्या पायाची एकच जागा चाटून चाटून उघडी पाडली आहे का, तेही बघा. आणि जमीन बघा.

जमीन का म्हणते ते सांगते. माझ्या वडिलांचा मोती असाच मागच्या अंगणात राहायचा. खोपटं वडिलांनी स्वतःच्या हाताने बांधलं होतं, उतरतं छप्पर, गिलावा, पुढे जाळी. त्यांचा जीव होता त्याच्यावर. पशुवैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी सुट्टीत घरी आले आणि पहिल्यांदा माझं लक्ष जाळीच्या आतल्या पायवाटेकडे गेलं. जाळीला लागून गेलेली एक वीतभर रुंद वाट, ताटासारखी गुळगुळीत. जिथे मोती वळायचा तिथे दोन्ही टोकांना खड्डे पडले होते. वर्षानुवर्षं त्याच जागी, त्याच पायावर वळून. आम्ही सगळे ते रोज बघत होतो आणि म्हणत होतो, "मोती गस्त घालतोय."

मी वडिलांना पुस्तकातलं बरंच सुनावलं. काही उपयोग झाला नाही, आणि व्हायलाही नको होता, कारण ज्याने प्रेमाने घर बांधलं त्याला ते घर तुरुंग आहे असं एकोणीस वर्षांची मुलगी सांगत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दोन बादल्या पालथ्या घातल्या आणि त्यांना म्हटलं, "बाबा, एक तास बसा माझ्याबरोबर. बोलायचं नाही. नुसतं मोजायचं." विसाव्या मिनिटाला त्यांनी मोजणं सोडलं. त्या संध्याकाळपासून त्यांची वर्तमानपत्र वाचायची खुर्ची मागच्या अंगणात गेली आणि जाळीचं दार उघडं राहू लागलं. पहिले कित्येक दिवस दार उघडं असूनही मोती त्याच वाटेवरून चालायचा. मग एकदा वळायच्या जागी थांबला आणि खुर्चीपाशी आला. वडिलांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. त्यांनी तेव्हा वर्तमानपत्र खाली ठेवलं, हेच महत्त्वाचं. मोतीने काही केलं आणि त्याने फरक पडला.

म्हणून शेजाऱ्यांकडे तक्रार घेऊन जाऊ नका, मागणी घेऊन जा. "मला तुमचा कुत्रा आवडतो, संध्याकाळी त्याला फिरवून आणू का?" असं विचारा. नाही म्हणाले तर आठवड्याने पुन्हा विचारा. हो म्हणाले तर पहिले काही दिवस घाई करू नका. घरच्या माणसाला बरोबर घ्या, जाळीतून हात आत घालू नका, समोर उभं राहून डोळ्यांत बघू नका, कडेला आडवं बसा. कोंडून राहिलेला कुत्रा प्रेमळ असला तरी दचकून चावू शकतो.

पाणी नाही, सावली नाही, जखम चिघळली आहे, बरगड्या मोजता येतात, असं दिसलं तर मात्र विनवणीत वेळ घालवू नका. तारीख-वेळ लिहून ठेवा, फोटो काढा आणि प्राणिरक्षणाचं काम करणाऱ्या संस्थेला किंवा यंत्रणेला कळवा. तुमच्या पत्रावरून ती वेळ आलेली दिसत नाही.

आमच्याकडे दोन कुत्रे आहेत, दोघंही मध्यम उंचीचे. वडिलांना दमा आणि कुत्र्यांची ॲलर्जी, त्यामुळे घरात आणता येत नाही. अंगणात सहा बाय आठ फुटांचं जाळीचं कुंपण आहे, त्यात पत्र्याचं खोपटं, खाली सिमेंटचा कोबा. एवढा खर्च केला, पण दुपारी दोघंही खोपट्यात जात नाहीत. जिथे माती आहे त्या कोपऱ्यात खड्डा खणून बसतात. ओरडलो तरी ऐकत नाहीत. काय चुकतंय?

कुत्र्यांचं काहीच चुकत नाही. काय चुकलं आहे ते ते दोघं तुम्हाला खणून दाखवत आहेत. आजच दुपारी दोन वाजता तुम्ही स्वतः त्या खोपट्यात वाकून शिरा आणि दहा मिनिटं बसा. पुढचं उत्तर त्यानंतर वाचलंत तर जास्त पटेल.

कुत्र्याच्या शरीराचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, आपल्यापेक्षा अंमळ जास्त. आपल्यासारखा अंगभर घाम त्याला येत नाही, घाम येतो तो तळव्यांना, आणि त्याने फारसं काही साधत नाही. तो निववतो धापा टाकून. जिभेवरचं आणि श्वसनमार्गातलं पाणी वाफ होऊन जातं, त्याबरोबर उष्णता जाते. पण हवा कोंडलेली आणि दमट असेल तर वाफ होतच नाही, धाप नुसती दमवते. पत्रा तापतो, खालच्या हवेला तापवतो, एकच दार, त्यात दोन कुत्री धापा टाकून हवा आणखी ओलसर करणार. तुमचे कुत्रे त्या भट्टीतून बाहेर येऊन थंड माती शोधतात. त्यांना ओरडू नका. खड्डा बुजवूही नका.

थंडी-पावसाचं घर आणि उन्हातली सावली ही दोन वेगळी कामं आहेत, ती एकाच खोक्याकडून होत नाहीत. बहुतेक जण इथेच चुकतात. झोपायचं खोपटं लहानच हवं, आत उभं राहता यावं, गोल वळता यावं, पाय पसरून पडता यावं, बस. त्याहून मोठं केलं तर थंडीत ते अंगाच्या उबेने गरम होत नाही. उन्हासाठी मात्र त्याच्या बाहेर, चारी बाजूंनी वारा खेळणारी, दिवसभर टिकणारी सावली हवी. सकाळची सावली दुपारी कुठे सरकते ते एक दिवस खडूने आखून बघा.

जर्मनीत २००१ साली कुत्रे पाळण्याची जी नियमावली झाली, तिच्यात हे दोन्ही वेगवेगळं मागितलं आहे. पिंजऱ्यात निवाऱ्याचं खोपटं हवंच, आणि खोपट्याबाहेर सावलीची, खालून गारठा न लागणारी बसायची जागाही हवी. मापंसुद्धा दिली आहेत. खांद्यापाशी ५० सेंटिमीटर उंचीपर्यंतच्या एका कुत्र्याला किमान ६ चौरस मीटर, ५० ते ६५ सेंटिमीटर असेल तर ८, त्याहून उंच असेल तर १०, आणि पिंजऱ्यातल्या प्रत्येक पुढच्या कुत्र्यासाठी आणखी निम्मं. तुमच्या दोघांची उंची ५० च्या वर धरली तर १२ चौरस मीटर होतात. तुमचं कुंपण जेमतेम साडेचार आहे. आणि ही जागा दिली म्हणून पिंजऱ्याबाहेर फिरवायचं टळत नाही, तेही त्याच नियमावलीत आहे.

कुंपण वाढवणं लगेच जमणार नसेल तर निदान पत्र्यावर वीतभर अंतर सोडून दुसरं हलकं छप्पर घाला. मधल्या पोकळीतून वारा गेला की खालचा पत्रा तापत नाही. खोपट्याच्या वरच्या बाजूला समोरासमोर झरोके पाडा. विटांवर फळ्या टाकून तळ जमिनीपासून उचला. कोब्यावर झोपणाऱ्या कुत्र्याच्या कोपरांचे केस जातात, घट्टे पडतात, पुढे तिथे पाण्याची गाठ धरते. गेल्या अंकातल्या त्या कुत्र्याचं हेच झालं होतं. खोपटी दोन करा, पाण्याची भांडीही दोन, जड बुडाची, सावलीत ठेवलेली. एकच भांडं असलं की दोघांतला दबलेला कुत्रा कमी पाणी पितो आणि ते आपल्या लक्षात येत नाही.

उष्माघाताचं मात्र आजच ध्यानात ठेवा. धाप थांबत नाही, लाळ चिकट होते, हिरड्या लालभडक होतात, चाल झिंगल्यासारखी होते, उलटी होते. अंगाचं तापमान ४१ अंशांवर गेलं की आतले अवयव निकामी व्हायला लागतात. अशा वेळी आधी गार करा, मग दवाखान्यात न्या. सावलीत घेऊन अंगभर गार पाणी ओता, पंख्याने किंवा पुठ्ठ्याने वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो थोड्याच वेळात तापतो आणि आतली उष्णता आत कोंडतो. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका. पग, बुलडॉग यांसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्यांना तर मी उन्हाळ्यात बाहेर ठेवायला साफ नकार देते. त्यांचा श्वासाचा मार्गच अरुंद असतो.

वडिलांविषयी. त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच काय ते करा. ॲलर्जी केसांची नसते, कुत्र्याची लाळ आणि कातडीचा कोंडा यांतल्या प्रथिनांची असते, आणि दम्याच्या माणसाच्या बाबतीत मी धाडस सुचवणार नाही. पण घरात बाकीची माणसं आहेत. त्यांनी अंगणात जाऊन बसायला काय हरकत आहे? फोनवर बोलायचं ते तिथे बोला, मुलांचा अभ्यास तिथे घ्या. आत येताना कपडे बदला, हात धुवा. कुत्र्यांना घर मिळालं नाही तरी घरातली माणसं मिळू शकतात.

कुत्र्याला देवाने केस दिले आहेत. मग थंडीचा एवढा बाऊ कशासाठी?

केस कोरडे असतात तोवरच ऊब धरतात. ओले झाले की केसांत अडकलेली हवा जाते आणि ऊबही जाते. शिवाय ज्यांना खाली दाट लव नसते अशा आखूड केसांच्या कुत्र्यांना, पिलांना, म्हाताऱ्यांना आणि हडकुळ्यांना ती आधीच कमी असते. बाहेरच्या खोपट्यात गोणपाट किंवा जुनी चादर घालतात, ती ओल धरून बसते. कोरडा पेंढा जास्त बरा, कुत्रा त्यात खड्डा करून स्वतःभोवती ऊब साठवतो. सकाळी अंथरुणाखाली हात घालून बघा. हाताला ओल लागली तर रात्रभर तो त्या ओलीवर होता.

आमचा कुत्रा राखणीचा आहे. घरात घेतला, लाड केले तर तो बिघडेल असं सगळे सांगतात. त्याला फारसं कोणाशी मिसळू देत नाही. पण हल्ली तो पान हललं तरी भुंकतो आणि परवा आमच्याच भाच्याच्या अंगावर गेला.

ही राखण नाही, ही भीती आहे. पिलाचा तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ माणसं, आवाज, मुलं, वाहनं यांची ओळख व्हायचा असतो. त्या काळात पिंजऱ्यात एकटा ठेवलेला कुत्रा पुढे प्रत्येक अनोळखी गोष्टीला धोका समजतो. जो पान हललं तरी भुंकतो त्याच्या भुंकण्याकडे घरातलं कोणी लक्षही देत नाही, मग राखण कसली? ज्याला घरची माणसं आपली वाटतात तोच त्यांच्यासाठी उभा राहतो.

भाच्याचं मात्र गंभीर आहे. मुलांना सध्या त्याच्याजवळ एकटं जाऊ देऊ नका. आधी दवाखान्यात दाखवा, कारण दुखणारा कान किंवा दुखणारा सांधासुद्धा कुत्र्याला चिडका करतो. त्यानंतर मारझोड न करणाऱ्या, बक्षिसावर शिकवणाऱ्या प्रशिक्षकाची मदत घ्या.

आणि लाडाने कुत्रा बिघडतो म्हणणाऱ्यांना एक गोष्ट सांगा. जर्मनीत बॉनजवळच्या ओबरकासेल इथे १९१४ साली एक जुनं दफन सापडलं, सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचं. एक पुरुष, एक स्त्री, आणि त्यांच्याबरोबर पुरलेलं कुत्र्याचं जेमतेम सात महिन्यांचं पिलू. अलीकडे त्याचे दात तपासले तेव्हा त्यावर आजाराच्या खुणा दिसल्या. बहुधा डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जीवघेणा संसर्गजन्य आजार, साधारण एकोणिसाव्या आठवड्यात सुरू झालेला, आणि आठवडेच्या आठवडे पुन्हा पुन्हा उलटलेला. या आजारातलं पिलू स्वतःहून खात-पीत नाही, उलट्या-जुलाबाने माखतं, झटके येतात. कोणीतरी त्याला पुसलं असणार, ऊब दिली असणार, पाणी पाजलं असणार, नाहीतर ते तेवढेही आठवडे जगलं नसतं. त्या दिवसांत ते ना शिकारीच्या उपयोगाचं होतं ना राखणीच्या. तरी त्याला जवळ ठेवलं आणि माणसांशेजारी पुरलं. आपल्या आणि कुत्र्याच्या नात्याची सुरुवात ही अशी आहे. त्याला माणसापासून लांब ठेवून जास्त चांगला कुत्रा तयार होईल, ही कल्पना फार नंतरची आहे.

महिन्यातून एकदा औषधी अंघोळ घालतो. आठवड्याभरात गोचीड परत हजर. औषध बनावट असेल का?

औषध खरं असेल, जागा चुकते आहे. कुत्र्यावरची ही तपकिरी गोचीड खोपट्यात राहणाऱ्या कुत्र्यांची जुनी वैरीण आहे. ती आयुष्याच्या तीन टप्प्यांत तीन वेळा रक्त पिते आणि दर वेळी खाली उतरते. रक्त पिऊन टम्म झालेली मादी फटीत जाऊन हजारोंनी अंडी घालते. तिला वर चढायची खोड असते, म्हणून जमीन धुऊन भागत नाही. टॉर्च घेऊन छपराचे सांधे, फळ्यांच्या खाचा, भिंतीच्या वरच्या भेगा बघा. कुत्रा आणि खोपटं यांवर एकाच दिवशी उपचार करा, भेगा बुजवा, अंथरूण जाळून टाका, आणि अंड्यांतून नवी पिढी बाहेर येते म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा करा. कुत्र्यासाठी दीर्घकाळ टिकणारं औषध वजनानुसार डॉक्टरांकडून घ्या. घरात मांजर असेल तर ते आधी सांगा, कुत्र्यासाठीच्या काही औषधांतलं परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराच्या जिवावर बेततं.

ताप, मलूलपणा, हिरड्या पांढुरक्या, नाकातून रक्त, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. गोचिडीच्या तापात रक्त गोठवणाऱ्या पेशी झपाट्याने कमी होतात. माझ्याकडे हा ताप उशिरा घेऊन येतात ते बहुतेक बाहेर राहणारे कुत्रे असतात. त्यांना गोचीड जास्त लागते हे खरंच, पण त्यांच्या मानेवरून, कानांमागून, बोटांच्या बेचक्यांतून रोज कोणाचा हात फिरत नाही, हे जास्त मोठं कारण आहे. पाच मिनिटं पुरतात.

दहा दिवस बाहेरगावी जायचं आहे. कुत्र्याला बोर्डिंगमध्ये ठेवायचं म्हणजे केनेलमध्येच. कसं निवडावं?

आधी न कळवता जा आणि डोळे मिटून पाच मिनिटं उभ्या राहा. सिमेंटच्या भिंती आणि ओळीने पिंजरे असलेल्या ठिकाणी भुंकण्याचा आवाज मोजला तर १०० डेसिबलच्या वर जातो, आणि कुत्र्याचे कान आपल्याहून तिखट. आपल्याला जिथे पाच मिनिटं सोसवत नाही तिथे तो दहा दिवस राहणार आहे. लसीकरणाचं कार्ड त्यांनी मागितलं नाही तर तिथूनच परत फिरा, खोकल्याची साथ अशाच ठिकाणी पसरते. रात्री तिथे माणूस झोपतो का, दिवसातून किती वेळा आणि किती वेळ बाहेर काढतात, कोण काढतं, हे विचारा. "खूप मोकळी जागा आहे" हे उत्तर ऐकून मी एकदा माझी कुत्री ठेवली होती. जागा खरंच मोकळी होती, पण तिला त्या जागेत सोडलंच नव्हतं. आणायला गेले तेव्हा तिचं नाक जाळीवर घासून सोललेलं होतं. तेव्हापासून मी जागा विचारत नाही, दिवसाचा हिशेब विचारते. आधी एक रात्र ठेवून बघा, आणि तुमचा न धुतलेला सदरा बरोबर द्या.

डॉक्टरमावशी, मी अकरा वर्षांची आहे. आमचा वाघ्या तेरा वर्षांचा आहे. तो नेहमी अंगणातल्या त्याच्या घरात राहतो. आता त्याला नीट उठता येत नाही आणि रात्री तो कण्हतो. मी आजोबांना म्हटलं त्याला घरात आणू. आजोबा म्हणाले, हो, पण आता तो यायचा नाही. मी दार उघडून हाका मारल्या तर तो उंबऱ्यापाशी येऊन थांबला आणि परत गेला. त्याला आमच्याबरोबर राहायचं नाही का?

राहायचं आहे गं. नाहीतर दुखऱ्या पायांनी तो उंबऱ्यापर्यंत आला नसता.

तो परत का गेला असेल, सांगू? तेरा वर्षं त्याला सगळ्यांनी शिकवलं आहे की हा उंबरा ओलांडायचा नाही. पिलू असताना तो धावत आत शिरला असेल आणि कोणीतरी "हाऽड" म्हणून बाहेर घालवलं असेल. ते तो विसरलेला नाही. तो तुझं ऐकतो आहे आणि जुनंही ऐकतो आहे, म्हणून मध्येच थांबला.

सगळ्यात आधी त्याला डॉक्टरांकडे न्यायला सांग. कण्हणं म्हणजे म्हातारपण नव्हे, ते दुखणं आहे, आणि सांध्यांच्या दुखण्यावर चांगली औषधं आहेत. माणसांची दुखायची गोळी मात्र कोणी देऊ नका, ती कुत्र्यांना घातक ठरू शकते. वाढलेली नखं कापून घ्या, म्हणजे पाय नीट टेकेल.

मग घराची तयारी. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरतील आणि एकदा पडला की तो पुन्हा यायला घाबरेल. दारापासून त्याच्या बिछान्यापर्यंत सतरंज्या, पायपुसणी, जे असेल ते सलग अंथर. बिछाना जाड कर, पण दाराच्या जवळच ठेव, जिथून त्याला त्याचं अंगण दिसेल. त्याच्या जुन्या घरातलं अंथरूण धुऊ नकोस, तसंच आणून वर घाल. त्याला स्वतःचा वास आला की जागा आपली वाटेल. दार लगेच लावू नका. त्याला जेव्हा हवं तेव्हा परत जाता येतं हे कळलं तर तो येईल. म्हाताऱ्या कुत्र्यांना लघवीला सारखं जावं लागतं, तेव्हा रात्री कोणी उठायचं ते घरात आधीच ठरवा.

ओढायचं नाही. मागून ढकलायचंही नाही. हाकासुद्धा तू मारू नकोस. तू उंबऱ्याच्या आत, जमिनीवर, त्याच्याकडे पाठ करून बस आणि पुस्तक वाच. तो पुढे आला, थांबला, मागे गेला, तरी वाचत राहा. नाक तुझ्या पाठीला लागलं की मात्र लगेच पुस्तक ठेव.

आणि हाक मारायचं काम आजोबांना दे. तेरा वर्षं वाघ्याला ‘आत नाही’ हे ज्यांनी सांगितलं, ‘आत ये’ हे त्यांनीच म्हणायला हवं. त्यांना म्हणावं, खुर्चीत बसून नाही, तुझ्या शेजारी सतरंजीवर बसून.

किती दिवस लागले ते मला लिहून पाठव.